काकू, तुमचे बूट घरी पोचवले

काकू,

शुक्रवारी सकाळी मी नेहमीसारखी तुमची वाट बघत ब्लॉकखाली बसले होते. व्हॉइड डेकमधल्या, म्हणजे इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावरच्या, त्याच दगडी बाकावर. बसताना तुम्ही 'हुश्श' म्हणायचात आणि उठताना माझा खांदा धरायचात, तोच बाक. पिशवीत तुमचे बूट होते. लाओशी, म्हणजे 'ताई ची' हा चिनी व्यायाम शिकवणाऱ्या आपल्या बाई, स्पीकरची वायर जोडत होत्या आणि बाकीची मंडळी खुर्च्या मांडत होती. साडेआठ वाजून गेले तरी तुमचा पत्ता नव्हता. लिफ्ट बंद पडली का विचारावं म्हणून मी फोन काढला. फोनवर इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपमधला एक निरोप येऊन पडला होता. नथ घातलेल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेल्या एका बाईंचा फोटो होता. खाली लिहिलं होतं की यांचं बुधवारी दुपारी हृदयविकारानं निधन झालं आणि अंत्यविधी काल पार पडला.

मी तो वाचला, मनात अरेरे म्हटलं आणि पुढे गेले. तुम्हाला मेसेज केला, 'काकू, कुठे आहात? सुरू होतंय.' तो गेला, पोचलासुद्धा. तुमचा फोन कुठेतरी चालू होता. आणि मग त्या फोटोतल्या बाईंची हनुवटी आठवली.

परत ग्रुप उघडला. नाव शैलजा लिहिलं होतं. मी तुम्हाला शैलाकाकू म्हणत होते. तुमचं आडनाव मला पहिल्यांदा त्या निरोपात कळलं, काकू. माझ्या फोनमध्ये तुम्ही अजूनही 'शैलाकाकू ताई ची' आहात.

मग मी काय केलं असेल? उठून वर्गात जाऊन उभी राहिले. लाओशींनी हात वर घ्यायला सांगितले, मी घेतले. खाली सोडायला सांगितले, सोडले. शेजारची तुमची जागा मोकळी होती. कुणीतरी विचारलं, "ऑन्टी शैला नॉट कमिंग, आ?" मी म्हणाले, "नॉट कमिंग." गुडघे दुखत असतील असं समजून ते गृहस्थ मान हलवून पुढे बघायला लागले. सगळा तास मी तसाच काढला. तुम्ही गेलात हे त्या सगळ्यांत एकट्या मला माहीत होतं आणि मला ते कुणालाच सांगता येईना. कारण सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

मंगळवारी तर तुम्ही होतात! हेच मला कळत नाहीये. मंगळवारी तुम्ही होतात आणि बऱ्या होतात. नुसत्या बऱ्या नाही, तोऱ्यात होतात. आधाराला ठेवलेली खुर्ची तुम्ही पायानं मागे सरकवलीत आणि डावा पाय उचलून उभ्या राहिलात. लाओशी ओरडल्या, "वा, ऑन्टी शैला, टुडे नो नीड चेअर?" तुम्ही त्यांच्याच थाटात म्हणालात, "नो नीड, लाह!" सगळे हसले. चेहऱ्यावर घाम नव्हता, श्वास लागला नव्हता. मी तो चेहरा या चार-पाच दिवसांत किती वेळा आठवून तपासला असेल. काही दिसत होतं का? रंग उतरला होता का? हात छातीकडे गेला होता का? नाही. काहीसुद्धा नव्हतं. निघताना तुम्ही बूट काढलेत, माझ्या पिशवीत टाकलेत आणि म्हणालात, "शुक्रवारी जरा लवकर ये, मला तुझ्याशी भांडायचंय."

आपण सगळ्यांनी तुमच्या गुडघ्यांकडे बघितलं, काकू. तुम्ही, मी, तुमचा मुलगा, डॉक्टर, लाओशी, सगळ्यांनी. गुडघ्यांचे एक्स-रे झाले, गोळ्या झाल्या, पट्टे झाले. हृदय तिथे वर बसून होतं आणि त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही.

आपली ओळख तरी कशी झाली होती बघा. मी तेव्हा युनिव्हर्सिटीत रिसर्चसाठी येऊन थोडेच दिवस झाले होते. इथे चोआ चू कांग भागात एक खोली भाड्यानं घेतली होती आणि सकाळी उठल्यावर माझी बोटं मिटत नव्हती. तिशीत संधिवात. माझीच प्रतिकारशक्ती माझ्याच सांध्यांवर उलटली आहे, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. औषधं सुरू झाली. पण लॅबमध्ये दिवसभर पिपेट दाबायचं, नेमकं अंगठ्यानंच, आणि अंगठाच सुजलेला. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं की औषधांच्या जोडीला हळू, बेतानं करायचा काही व्यायाम बघ, तुमच्या भागात संधिवातवाल्यांसाठी ताई चीचा वर्ग चालतो. मी गेले. बघते तर सगळे साठीच्या पुढचे. मी मागच्या रांगेत जाऊन लपले. मनगट वळवताना कळ आली आणि तोंडातून "आई गं" निघालं. शेजारून आवाज आला, "मराठी का?"

बाकी तुम्ही काहीच विचारलं नाहीत. इतक्या तरुण मुलीला इथे काय काम, हेही नाही. मी पाण्याच्या बाटलीच्या झाकणाशी झटापट करत होते. तुम्ही बाटली घेतलीत, उघडलीत आणि परत दिलीत. मग बाकावरून उठायला माझा खांदा मागितलात. म्हणालात, "तुझे गुडघे नि माझे हात. दोघींची मिळून एक धड बाई होते बघ."

त्यानंतर माझी बाटली दर मंगळवारी आणि शुक्रवारी तुम्हीच उघडत आलात.

लाओशी पहिल्या दिवसापासून एकच सांगायच्या, "डोन्ट फाइट युवर नी. आस्क युवर नी." गुडघ्याशी भांडू नका, त्याला विचारा, तो म्हणेल तेवढंच वाका. तुम्ही माझ्या कानाशी पुटपुटलात, "गुडघ्याला विचारायचं म्हणे! इथे घरात मला कुणी विचारत नाही." मी इतकी हसले की लाओशींनी मागे वळून बघितलं. मग तुम्ही सगळ्या हालचालींचं बारसं केलंत. ढगांसारखे हात फिरवायचे, त्याला तुम्ही 'काचा पुसणं' म्हणालात. गुडघ्यासमोरून हात नेत पुढे जायचं, ते झालं 'निऱ्या झाडणं'. मागे मागे जात एकेक हात पुढे लोटायचा, त्याचं नाव मुळातच माकड हाकलणं. ते ऐकून तुमचा विश्वास बसेना. "अगं, हे तर मी कऱ्हाडला आमच्या गच्चीवर आयुष्यभर केलंय! फक्त हातात काठी होती." एवढी वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून काढलेली बाई रिटायर झाल्यावर परदेशात येऊन माकडं हाकलते आहे, याचं तुम्हाला किती हसू यायचं.

आणि ते बूट. लाओशींनी सांगितलं, चपला चालणार नाहीत, सपाट तळव्याचे कापडी बूट हवेत. तुमचा चेहरा पडला. बूट घेणं अवघड नव्हतं. ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता. इथल्या घरांत चपला-बुटांची मांडणी दाराबाहेर असते, नवीन बूट तुमच्या मुलाला, अभिजितला, लगेच दिसले असते. तेव्हा मला कळलं की तुम्ही या वर्गाला चोरून येता. बाजारात ओल्या फरशीवर तुम्ही एकदा पडला होतात. फार लागलं नव्हतं, पण तुमचा मुलगा घाबरला आणि त्यानं सांगून टाकलं, "आई, आता एकटीनं खाली जायचं नाही. काय लागेल ते मी आणीन." प्रेमानंच सांगितलं, हे तुम्हीच म्हणायचात. पण तो आणि सून ऑफिसला गेले की सातव्या मजल्यावर तुम्ही, टीव्ही आणि गुडघे.

"बसून बसून ते गंजले गं," तुम्ही म्हणालात. "दुखतात म्हणून बसायचं, बसलं की आणखी दुखतात. हे त्याला कोण सांगणार?"

म्हणून तुमचे बूट माझ्याकडे राहायला आले. मी पिशवीतून आणायचे, तुम्ही घालायचात, झाल्यावर काढून द्यायचात. माझ्या खोलीत, माझ्या बुटांशेजारी ते असायचे. आत्ताही तिथे नजर जाते.

आपलं भांडण खरं तर एकच होतं. तुम्ही म्हणायचात, आईला सांग. सांगलीला माझी आई माझ्यासाठी स्थळं बघत होती, फोटो पाठवत होती, आणि मला काय झालंय हे तिला माहीत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर मी हात कॅमेऱ्याच्या खाली ठेवायचे. मी म्हणायचे, एवढ्या लांबून ती काय करणार, नुसती रडत बसेल. तुम्ही म्हणायचात, "रडू दे की! आईला रडायचासुद्धा हक्क नाही का?" मग मी म्हणायचे, "आधी तुम्ही अभिजितला सांगा." की झालं. "माझं वेगळं आहे." "काय वेगळं आहे?" "मी म्हातारी आहे." "म्हणजे काय, म्हाताऱ्यांनी खोटं बोललेलं चालतं?" बाकावर बसून आपण अशा भांडायचो की समोरच्या कॉफीच्या दुकानातली माणसं माना वळवायची.

एकदा मात्र तुम्ही खरंच रागावला होतात. मला महिनाभर फार बरं वाटत होतं. बोटं मिटत होती, मनगट वळत होतं. मी सहज म्हणाले, आता गोळ्या बंद करून बघावं, ताई चीनंच भागतंय. तुम्ही माझा हात धरलात, चांगला घट्ट. "औषधाबरोबर करायचं आहे हे. औषधाऐवजी नाही. एक गोळी चुकवलीस तर मी तुझ्या आईचा नंबर शोधून काढीन." त्या दिवशी तुम्ही बाटली उघडून दिलीत, पण बोलला नाहीत. मी गोळ्या सोडल्या नाहीत, काकू. आजही घेतल्या आहेत.

शुक्रवारी तुम्हाला माझ्याशी कशावरून भांडायचं होतं? मला वाटतं मला माहीत आहे. वर्ग सुटल्यावर लाओशी तुमच्याशी बाजूला बोलल्या होत्या. आता सुरुवातीचे हलके प्रकार नवीन आलेल्यांना तुम्ही दाखवा, समोर उभं राहून, असं त्यांनी विचारलं होतं. हे मला लाओशींनी नंतर सांगितलं. म्हणजे तुम्ही अभिजितला सांगणार होतात. आणि आता तूही सांग, म्हणून माझ्या मागे लागणार होतात. की उलटंच, समोर उभं राहायला घाबरला होतात? मला ठाऊक नाही. आता कळणारही नाही, हे मी स्वतःला रोज सांगते आणि दर वेळी ते नव्यानं ऐकल्यासारखं वाटतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी तुमच्या घरी गेले. पत्ता ग्रुपवरून मिळाला. तुमचा ब्लॉक तर मला माहीत होता, मी दर वेळी खालीच थांबायचे, पण वर कधी आले नव्हते. हातात बुटांची पिशवी. लिफ्टमध्ये मला भीती वाटायला लागली. मी कोण म्हणून सांगू? मैत्रीण म्हणावं तर वयात एवढं अंतर. नात्यातली नाही, गावाची नाही. दार अभिजितनी उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. आत तुमचा तोच नथीतला फोटो आणि समोर समई.

"आपण?" त्यांनी विचारलं.

"मी रेवती. काकूंच्या... आम्ही खाली ताई ची करायचो. बरोबर."

"आईबरोबर?" ते म्हणाले. "तुमची काहीतरी चूक होतेय. आई खाली जात नव्हती. तिला नीट चालताच येत नव्हतं."

"येत होतं," मी म्हणाले. "या मंगळवारी तर एका पायावर उभ्या राहिल्या त्या."

मी पिशवीतून बूट काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते उलटे करून तळवे बघितले. तळवे झिजलेले होते. मग त्यांनी जे विचारलं त्याची मी तयारी केली नव्हती.

"मंगळवारी आली होती ती? आणि बुधवारी... त्यानंच तर झालं नाही ना? तिला झेपलं नसेल."

काकू, मी नुसतं तुमच्या जाण्याचं दुःख घेऊन आले होते. हा विचार माझ्या मनातही आला नव्हता. आपण हसत होतो, खुर्ची सरकवली होती, आणि मी शेजारी उभी होते.

तेव्हा आतून तुमची सून आली. केतकी. तुम्ही सांगितल्यावरून मला वाटायचं ती उंच, कडक असेल. ती तर माझ्याएवढीच आहे. ती शांतपणे म्हणाली, "अभि, डॉक्टर काय म्हणाले ते आठव. रक्तवाहिन्या कितीतरी आधीपासून बंद होत आल्या होत्या. हातपाय हलवल्यानं काही झालं नाही." आणि मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"आई खाली जातात ते."

हे तुम्हाला सांगायचंय, काकू. मुख्य हेच सांगायचंय. तुमच्या सुनेला माहीत होतं. दिवाळी होऊन गेल्यावर कधीतरी ती ऑफिसचा पास विसरली म्हणून बसस्टॉपवरून परत आली होती. तुम्ही तिला दिसलात, खांबापलीकडे, हात ढगांसारखे फिरवत. "आधी मी धावणारच होते," ती म्हणाली. "वाटलं, पडतील. मग बघितलं तर त्या हसत होत्या. शेजारी एक मुलगी होती, तिला काहीतरी सांगत होत्या आणि हसत होत्या. इथे आल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलंच नव्हतं. मी खांबामागे उभी राहिले आणि तशीच निघून गेले."

अभिजित म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तू बंद केलं असतंस."

"आणि आईला? तिला तरी सांगायचंस, की तुला माहीत आहे."

केतकीनं थोडा विचार केला. म्हणाली, "मग ते माझ्या परवानगीनं झालं असतं. ते त्यांचं होतं."

तुम्ही मला म्हणाला होतात, आमची सून हल्ली घरून काम करते ना, पण नशीब बघ, मंगळवारी नि शुक्रवारी नेमकी ऑफिसला पळते. ते नशीब नव्हतं, काकू. तिनं दिवस बदलून घेतले होते. तुम्हाला वाटायचं ती तुमच्याकडे बघतच नाही. ती बघत होती. हे तुम्हाला कळायला हवं होतं. मला ते कळलं आणि तुम्हाला कळलं नाही, हे बरोबर नाही. मला याचा राग येतो. कुणाचा, ते माहीत नाही.

मग अभिजितनी मला विचारलं, "काय करायची ती तिथे? दाखवाल?"

त्या दिवाणखान्यात, समईसमोर, मी तुमच्या हालचाली करून दाखवल्या. माझी बोटं त्या संध्याकाळी सुजलेली होती, हात नीट उघडत नव्हता. काचा पुसल्या. निऱ्या झाडल्या. एकेकीचं नावही सांगितलं, तुम्ही ठेवलेलं. माकड हाकलण्याशी आले तेव्हा केतकी एकदम हसली आणि हसता हसता तिनं तोंडावर ओढणी धरली. अभिजित हसले नाहीत. ते सोफ्याच्या कडेवर बसून बघत होते, शाळेतलं पोर फळ्याकडे बघतं तसे. मी थांबले तेव्हा म्हणाले, "पाठ भिंतीला टेकून बसायची ती घरात. मला वाटायचं तिला तेवढंच जमतं." मग ते उठले, तुमचे बूट घेतले, दार उघडून बाहेर गेले आणि मांडणीत त्यांच्या आणि केतकीच्या बुटांच्या मध्ये ठेवून आले. निघताना ते माझ्याबरोबर लिफ्टपर्यंत आले आणि म्हणाले, "थँक यू." पुढे काहीतरी म्हणायचं होतं त्यांना, पण लिफ्ट आली.

आज मंगळवार. आज वर्गाला सांगावं लागलं. लाओशींना मी आदल्या दिवशीच फोन केला होता. त्यांनी कुणाला भाषण वगैरे केलं नाही. फक्त म्हणाल्या, "ऑन्टी शैला पास्ड अवे. वी डू फॉर हर." एवढं म्हणून त्या पाठ करून स्पीकरशी काहीतरी करत बसल्या, वायर काढ, वायर लाव. स्पीकर बिघडलेला नव्हता. मग आम्ही केलं. शेजारच्या जागेवर कुणी उभं राहिलं नाही. माझा तोल दोनदा गेला. विचारायला जावं तर माझा गुडघा गप्प होता.

सुटल्यावर मी बाटली काढली आणि झाकण उघडेना. एका आजोबांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी न बोलता उघडून दिली. मी पाणी प्यायले. तुमच्याशिवाय ती उघडू शकते, हे मला अजिबात आवडलं नाही.

संध्याकाळी मी आईला फोन केला. व्हिडिओ लावला आणि हात वर घेतले. म्हणाले, "आई, हे बघ." मग सगळं सांगितलं. केव्हापासून आहे, कुठली औषधं चालू आहेत, डॉक्टर काय म्हणतात. लपवलं, तेही सांगितलं. मला वाटलं होतं तशी ती रडली नाही. तिचा चेहरा दगडासारखा झाला. मग पोलिसासारखे प्रश्न सुरू झाले. सकाळी उठताना किती त्रास होतो? केस कोण विंचरतं? पीठ मळता येतं का? मी म्हणाले, जमेल तेवढं करते, आणि व्यायाम आहे, त्यानं खूप फरक आहे.

"आणि तिथे तुझं बघतं कोण?" तिनं विचारलं.

"शैलाकाकू आहेत ना," मी म्हणाले. "कऱ्हाडच्या. दर मंगळवारी, शुक्रवारी भेटतात. बाटली उघडून देतात, औषध चुकवलं तर ओरडतात. मला केव्हापासून सांगतायत की आईला सांग."

आईचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल पडला. "कोण गं या? नंबर दे मला त्यांचा," ती म्हणाली. "आत्ता दे. मला बोलायचंय त्यांच्याशी. म्हणावं, माझ्या पोरीला सांभाळलंत."

मी खरोखरच नंबर काढला, काकू. स्क्रीनवर तुमचं नाव होतं आणि त्याखाली माझा शुक्रवारचा मेसेज. मी बोलत होते तेव्हा तुम्ही होतात. देतात, ओरडतात, सांगतायत, सगळं तसंच म्हणाले होते मी, आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"अगं, दे ना," आई म्हणाली.

"आई, त्या बुधवारी गेल्या."

सांगलीला मागे कुकरची शिट्टी झाली, तरी ती जागची हलली नाही. मग म्हणाली, "आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

ती माझ्या हातांबद्दल विचारत होती की तुमच्या जाण्याबद्दल, ते मला कळलं नाही. मी दोन्हींसाठी "हो" म्हणाले.